थोरली पारंबी

एका गावात एक नदी होती, असं म्हणण्यापेक्षा एका नदीला एक गाव होतं असं म्हणणं जास्त खरं. नदीचं नाव काळवी. ती डोंगरातून अशी उतरायची की अर्धं गाव अलीकडे राहायचं आणि अर्धं पलीकडे. अलीकडचं ते वडशेत, पलीकडची ती पैलवाडी. आठ महिने पात्रात गुडघाभर पाणी. त्यातून गुरं जायची, बाजारहाट व्हायची, वऱ्हाडं जायची. वडशेतच्या मुली पैलवाडीला द्यायच्या आणि पैलवाडीच्या वडशेतला आणायच्या, हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. पण एकदा का मृगाचा पाऊस लागला, की चार महिने काळवी कुणाचं ऐकायची नाही. ये-जा करायला लाकडी साकव घातला की तो श्रावणाच्या आत समुद्राला मिळालाच म्हणून समजा.

पाण्याचा आवाज इतका असायचा की या काठाची हाक त्या काठाला पोचायची नाही. मग माणसं कापडानं बोलायची. काठावर उभं राहून हळदीचं पिवळं कापड हलवलं, तर घरात बाळ जन्मलं. पांढरं हलवलं, तर कुणीतरी गेलं. एवढ्या दोनच गोष्टी सांगता यायच्या. तशा माणसाला सांगण्यासारख्या मोठ्या गोष्टी दोनच असतात म्हणा.

यात सगळ्यात वाईट दिवस नागपंचमीचा. त्या दिवशी साऱ्या जगातल्या मुली माहेरी येतात, झोके घेतात, फुगड्या घालतात. पैलवाडीला दिलेल्या मुली मात्र काठावर उभ्या राहून माहेरचे झोके नुसते बघायच्या. त्यांना नागपंचमीचं माहेर नव्हतं.

या वडशेतात येसू नावाची एक बाई होती. अख्खं गाव तिला आय म्हणायचं. एका उन्हाळ्यात तिनं एक गोष्ट पाहिली. नदीकाठी एक जुना वड होता. त्याच्या शेजारून पोफळीच्या आगराला पाणी नेणारी एक पन्हळ गेली होती. पन्हळ म्हणजे पोफळीचं खोड उभं चिरून, आतून कोरून केलेली पाण्याची वाट. ती मोडली होती आणि आळशीपणानं कुणी उचलली नव्हती. वडाची एक पारंबी त्या पन्हळीत उतरली होती. ओलाव्याच्या मागं मागं ती दहा हात आडवी गेली होती आणि पन्हळ संपली तिथं तिनं जमिनीत मूळ धरलं होतं. पन्हळ कुजून गेली तरी पारंबी तशीच, मनगटाएवढी जाड, आडवी टिकून होती. आय तिच्यावर चढून बसली. पारंबी हललीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी तिनं गाव वडाखाली जमवलं आणि म्हणाली, "साकव आपण बांधतो म्हणून तो वाहून जातो. हा आपण वाढवू या. वडाला वाट दाखवू, चालेल तो."

लोक हसले. हसणारच, लोकांना दुसरं काय येतं. पण हसून झाल्यावर कुणीतरी विचारलं, "किती दिवस लागतील, आय?"

"वीस वर्षं. जास्तही लागतील."

एक म्हातारा म्हणाला, "तोवर मी कुठला असायला?" आय म्हणाली, "हा वड ज्यानं लावला तोही नाहीये. सावलीत तर बसलायस ना?" दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी कोयता घेऊन पोफळी तोडायला तो म्हाताराच गेला.

काम असं होतं. पोफळीच्या पन्हळी करून त्या एकीला एक जोडून नदीवर आडव्या टाकायच्या. त्यात माती आणि पालापाचोळा भरायचा. प्रत्येक घरानं एक पारंबी घ्यायची, तिचं टोक पन्हळीत सोडायचं, काथ्यानं बांधून तिला वाट दाखवायची. पुरात पन्हळी वाहून गेल्या की पुन्हा टाकायच्या, पारंबी गेली की दुसरी घ्यायची. पैलवाडीच्या लोकांनीही त्याच वडाची एक फांदी नेऊन आपल्या काठावर रोवली. आयचे नियम मात्र कडक होते. हात ओले केल्याशिवाय पारंबीला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या पारंबीला तर मुळीच नाही. पारंबी ओढायची नाही. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या पारंबीची गाठ सोडून ती पुन्हा बांधायची, आत एक बोट जाईल एवढी सैल. "तिला जाड व्हायला जागा ठेवा," आय सांगायची, "नाहीतर आपल्याच मायेनं गळा आवळला जातो." पारंबी जिवंत आहे का हे बघायची खूणही सोपी होती. नख लावायचं. पांढरा चीक आला तर जिवंत.

सगळ्यांत जाड पारंबी होती तिला थोरली म्हणायचे. बाकीच्या पारंब्या तिच्या आधारानं जायच्या होत्या. ती कुणाला द्यायची? गावात सर्वांत दणकट आणि कामाला वाघ असा एकच गडी होता, लखू. आयनं थोरली त्याला दिली.

लखूला चंद्रा नावाची एकच धाकटी बहीण. आईबाप लहानपणीच गेलेले, लखूनंच तिला वाढवलेलं. पूल सुरू झाला त्याच वर्षी तिचं लग्न पैलवाडीत झालं. पहिल्या नागपंचमीला लखूनं तिला पलीकडच्या काठावर उभं पाहिलं. नवी हिरवी साडी नेसून ती आली होती. दिवसभर उभी राहिली आणि दिवेलागणीला परत गेली. लखू त्या दिवशी जेवलाच नाही.

माणूस वाईट नव्हता तो. पण उतावळा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातलाच. चौथ्या वर्षी उन्हाळ्यात थोरली पलीकडच्या काठापासून चार हात राहिली. आणखी एक पाऊस गेला असता तर आपोआप पोचली असती. लखूला त्या एका पावसाचा दम निघेना. एका दुपारी सगळे जेवून लवंडले असताना तो एकटाच पात्रात उतरला. पारंबी पन्हळीतून बाहेर काढली. खांदा लावून ओढली. कुठंतरी बारीकसा आवाज झाला, वाळकी शेंग मोडल्यासारखा. त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. पलीकडच्या खडकाला काथ्याचे चार वेढे देऊन त्यानं थोरली करकचून बांधून टाकली. हात ओले करायचंही राहिलं.

गावानं त्याला डोक्यावर घेतलं. लखूची पारंबी सगळ्यांत आधी पैल गेली. ओढली कुणी म्हणेना, वाढली म्हणाले. लखूही गप्प बसला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो गाठ सैल करायला गेला. नख लावलं. चीक आला नाही. चार हात अलीकडे येऊन लावलं. नाही. नदीच्या मधोमधपर्यंत तो नख लावत आला. थोरली मेली होती.

तेव्हाच सांगितलं असतं तर? तर चार वर्षं फुकट गेली असती, एवढंच. पण आदल्याच दिवशी लोकांनी त्याला सोनं देताना मिठ्या मारल्या होत्या. त्यानं ओल्या मातीचा लेप काढून पारंबीला दिला, वर शेवाळ चिकटवलं, आणि घरी गेला. दुसऱ्याच्या पारंबीला हात लावायचा नाही हा गावाचा नियम. तो नियम त्या दिवसापासून लखूच्या पापावर पांघरूण झाला.

वर्षं गेली. शेजारच्या पारंब्या थोरलीवरून पुढं गेल्या, पैल पोचल्या, मूळ धरून बसल्या. एकमेकींत गुंतल्या, एकमेकींना चिकटल्या, दोन होत्या तिथं एक झाली. मधल्या फटींत लोकांनी पुलावर पाय न ठेवता, बाजूनं शिडी लावून दगडगोटे भरले, ते वडानं गिळले. पूर यायचे आणि पुलाखालून जायचे. दरवर्षी पूल थोडा जाड व्हायचा. जगात वापरून झिजत नाही आणि वाट बघून मजबूत होते अशी दुसरी कुठली वस्तू आहे, सांगा बरं. बाहेरगावचे लोक येऊन नुसते बघत उभे राहायचे आणि पायातल्या वहाणा काढायचे. काढा म्हणून त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं.

लखू मात्र दर दसऱ्याला मेलेल्या पारंबीची गाठ सोडायचा आणि पुन्हा बांधायचा. खाई त्याला खवखवे. पूल जितका देखणा होत गेला तितका तो वाळत गेला. मधोमध पाय ठेवायची वेळ आली की काय होईल, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

बाविसाव्या वर्षी, वैशाखात, आयनं पुलावर हात फिरवला. तिचे केस आता कापसासारखे झाले होते. ती म्हणाली, "येत्या नागपंचमीला मुली माहेरी येतील. पुलावरून. पहिलं पाऊल चंद्राचं. बावीस वर्षं तीच सगळ्यांच्या आधी येऊन काठावर उभी राहते."

सगळ्यांनी लखूकडं पाहिलं. लखू हसला. ते हसू कसलं होतं हे त्याचं त्यालाच माहीत.

सांगायला त्याच्याकडं तीन महिने होते. आज सांगू, उद्या सांगू करता करता नागपंचमी उजाडली. काळवी दोन्ही काठ चाटत चालली होती, तांबडी, झाडंच्या झाडं घेऊन. वडशेतचं सारं गाव वडाखाली जमलं होतं. पलीकडं हिरव्या साड्यांची रांग लागली होती. पुढं चंद्रा. कडेवर दोन वर्षांचा नातू, हातात लाह्यांची टोपली. तिनं वाकून पुलाला नमस्कार केला आणि पाऊल उचललं.

लखू ओरडला. नदीनं ते ओरडणं गिळून टाकलं. तो दुसऱ्यांदा ओरडला. चंद्रानं पुलावर पाऊल टाकलं, दुसरंही टाकलं. तेव्हा लखूनं डोक्याचं मुंडासं सोडलं. पांढरं शुभ्र, सणासाठी धुतलेलं. ते दोन्ही हातांनी उंच धरून त्यानं हलवलं.

चंद्रा जागच्या जागी थांबली. माहेरी कुणीतरी गेलं होतं. ती मागं फिरली, काठावर बसली आणि तिनं कपाळावर हात मारला. पलीकडच्या साऱ्या बायका खाली बसल्या.

इकडं गाव लखूवर धावून आलं. "सणाच्या दिवशी पांढरं हलवतोस? कोण मेलं?"

"थोरली," लखू म्हणाला. "थोरली पारंबी मेलीय. अठरा वर्षं झाली. मीच मारली."

त्यानं सगळं सांगितलं. ओढलेलं सांगितलं, चार वेढे सांगितले, शेवाळ सांगितलं. सांगताना तो कुणाकडंही बघत नव्हता. ऐकून काही माणसं शिव्या द्यायला लागली. ज्यांच्या मुली पलीकडं होत्या त्या बायका रडायला लागल्या. एक जण म्हणाला, "अठरा वर्षं आमच्या पंगतीला बसलास, एकदा तोंड उघडवलं नाही?"

आय काठी टेकत आली. तिनं विचारलं, "आज का सांगितलंस?"

"चंद्रानं पाऊल टाकलं, आय."

ती पुलाच्या या टोकाला बसली, हात ओले केले आणि थोरलीला नख लावलं. पांढरा चीक आला.

लोक बघत राहिले. लखूचा विश्वास बसेना. तो म्हणाला, "हे टोक खोडाजवळचं, ते जिवंतच होतं. मधलं मेलंय, आय. मी दरवर्षी बघतो."

"बघत नाहीस. घाबरून वरचं शेवाळ बघतोस," आय म्हणाली. "पाणी उतरू दे. खालून बघू. तोवर पुलावर कुणी जायचं नाही."

त्या वर्षीही पैलवाडीच्या मुलींना माहेर मिळालं नाही. चंद्रा परत गेली ते लखूनं पाहिलं. ते पाहणं हीच त्याची शिक्षा होती, गावानं वेगळी दिली नाही.

दसरा झाला. पाणी उतरलं. गाव पात्रात उतरून पुलाखाली गेलं आणि सगळ्यांनी माना वर केल्या. बावीस वर्षं येता-जाता खालून मान वर करून कुणी नीट पाहिलंच नव्हतं. वरून पूल पुलासारखा दिसायचा. खालून वेगळंच दिसत होतं. थोरली जिथं तुटली होती तिथं शेजारच्या तीन पारंब्या आपली सरळ वाट सोडून तिच्याकडं वळल्या होत्या. कुणी बांधलं नव्हतं, कुणी दाखवलं नव्हतं. त्यांनी तिला मिठी मारली होती, आणि पुढं हात हात करत तिच्यावर आपली साल चढवत गेल्या होत्या. मेलेली पारंबी आत, जिवंत तीन बाहेर, आणि बाहेरून जोड कुठं आहे ते सापडत नव्हतं. लखूनं नख लावलं. चीक आला. पुढं लावलं. चीक आला. तो तिथंच लहान पोरासारखा रडला. कुणी त्याला हसलं नाही. बरेच जण डोळे पुसत होते.

"आता पुढं बघ," आय म्हणाली.

पलीकडच्या काठाच्या जरा अलीकडे एक हातभर जागा उघडी होती. तिथं तिघी पोचल्या नव्हत्या. लखूनं तिथं बोट लावलं. लाकडाची तपकीर होऊन त्याच्या डोळ्यांत पडली. आतून भुंग्यांनी पोखरलेलं, वर नुसतं शेवाळ. पुलावरचं पाऊल नेमकं तिथंच पडायचं. चंद्रा आणखी चार पावलं आली असती तर कडेवरच्या पोरासकट नदीत गेली असती.

आय म्हणाली, "बघ लखू. वडानं तुझी चूक झाकली नाही, भरून काढलीय. अठरा वर्षं न बोलता भरतोय. एवढी हातभर राहिली, तेवढी आपली."

"मी काय करू, आय?"

"हात ओले कर."

पैलवाडीनं रोवलेल्या वडाच्या फांदीचा आता मोठा वृक्ष झाला होता, त्याला पारंब्या सुटल्या होत्या. त्यातली एक चंद्रानं घेतली. तिकडून ती वाट दाखवायची, इकडून लखू. लखूनं ओढलं नाही. बोटभर सैल बांधली, दर दसऱ्याला सोडली, पुन्हा सैल बांधली. गावातल्या पोरांना तो स्वतःच बोलावून म्हणायचा, "या, माझ्या पारंबीला नख लावून बघा." दुसऱ्याच्या पारंबीला हात लावायचा नाही हा नियम त्यानंच मोडला, आणि त्यानंतर गावात तो कुणी पाळला नाही.

दुसऱ्या पावसात आय गेली. तेव्हा खरोखरीचं पांढरं कापड हललं. पुलावर ती कधी चालली नाही. तिच्या घरच्या पारंबीची गाठ त्या दसऱ्याला साऱ्या गावानं मिळून सैल केली.

तिसऱ्या वर्षी नागपंचमीला काळवी तशीच तांबडी, तशीच बेभान. लखू वडाखाली उभा होता. त्याच्या हातात हळदीचं पिवळं कापड होतं. त्यानं ते उंच धरलं आणि हलवलं. पलीकडून चंद्रा निघाली. या वेळी नातू तिचं बोट धरून चालत होता. त्या हातभर जागेशी आल्यावर ती थांबली, वाकली, आणि तिनं नख लावलं. सगळं गाव श्वास रोखून बघत होतं. तिनं चिकाचं बोट वर करून दाखवलं.

मग ती सरळ चालत आली. पंचवीस वर्षांनी तिचं पाऊल श्रावणात माहेरच्या मातीवर पडलं. लखूला बोलायचं पुष्कळ होतं. चंद्राच म्हणाली, "दादा, तू त्या दिवशी पांढरं हलवलंस म्हणून आज मी आहे. चल, झोका कुठं बांधलायस?"

त्यानं वडाकडं बोट दाखवलं. झोक्याचा दोर फांदीला बांधलेला होता, बोटभर सैल.

तात्पर्य: निसर्गाला ओढून आणता येत नाही, त्याच्या चालीनं चालावं लागतं, आपल्या घाईनं बिघडलेलं तो बरंचसं भरून काढतो, पण आपल्या वाट्याचा हातभर तुकडा आपल्यालाच खरं बोलून भरावा लागतो.